बंद दारांची लीग आणि उघड्या मैदानावरच्या मुली

डिसेंबर २०२५ संपत आला तरी भारतातील पुरुषांची सर्वोच्च फुटबॉल लीग सुरू झालेली नव्हती. पाऊस नाही, महामारी नाही, युद्ध नाही. ही लीग चालवायला मालक मिळत नव्हता, म्हणून ती बंद होती. एकशे चाळीस कोटींच्या देशात एक खेळ मालकाअभावी थांबतो, ही बातमी क्रीडा पानावरची समजून आपले कार्यकर्ते पुढचे पान उलटतात. आमचे म्हणणे असे की हे पान थांबून वाचले पाहिजे. यात आपला विषय आहे.

आधी घडले काय ते पाहू. २०१० साली अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने देशातील फुटबॉलचे सर्व व्यावसायिक हक्क आयएमजी-रिलायन्सला पंधरा वर्षांसाठी दिले. किंमत ७०० कोटी रुपये. त्यातूनच २०१४ साली इंडियन सुपर लीग उभी राहिली. सिनेनट आले, क्रिकेटपटू आले, परदेशी निवृत्त खेळाडू आले, टीव्हीवर आतषबाजी झाली. हा करार ८ डिसेंबर २०२५ ला संपणार हे सर्वांना पंधरा वर्षांपासून ठाऊक होते. तरी नवा करार झाला नाही. ११ जुलैला लीग चालवणाऱ्या कंपनीने क्लबांना कळवले की यंदाचा हंगाम तूर्त थांबवत आहोत. ऑगस्टमध्ये बंगळुरूच्या क्लबने पहिल्या संघातील खेळाडू आणि कर्मचाऱ्यांचे पगार अनिश्चित काळासाठी रोखले. मग सर्वोच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली निविदा निघाली. वर्षाला किमान ३७.५ कोटी रुपये किंवा एकूण उत्पन्नाच्या ५ टक्के, यांपैकी जे जास्त असेल ते महासंघाला द्यायचे, अशी अट होती. ७ नोव्हेंबर ही शेवटची तारीख. एकही बोली आली नाही. आणि २६ डिसेंबरला मँचेस्टर सिटीवाल्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटी क्लबमधून अंग काढून घेतले. २०१९ मध्ये त्यांनी त्यात ६५ टक्के हिस्सा घेतला होता.

एवढे वाचून कोणी म्हणेल, हा भांडवलदारांचा आपापसातला मामला आहे, आपल्याला काय त्याचे? थांबा.

समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही जे काही शिकलो त्यातले एक सूत्र आयुष्यभर पुरले. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मूळ कशात पाहिले? एका वर्गाने स्वतःभोवती दार लावून घेतले यात. आत असलेल्यांनी कडी लावली, मग बाहेरचे आपोआप बाहेरचे झाले. आता ही लीग बघा. जगात बहुतेक ठिकाणी फुटबॉलचा साधा नियम आहे. खालच्या लीगमध्ये जो पहिला येतो तो वर जातो, वरच्या लीगमध्ये जो शेवटी राहतो तो खाली येतो. गावातला क्लबही खेळाच्या जोरावर दहा वर्षांत शिखरावर पोहोचू शकतो, निदान कागदावर तरी. आपली लीग जन्मली तीच दार लावून. फ्रँचायझीची रक्कम भरा आणि आत या. कितीही हरा, खाली जाणार नाही. बाहेर कितीही जिंका, आत येणार नाही. जन्माने मिळालेले स्थान आणि चेकने मिळालेले स्थान यांत फरक आहे हे आम्हाला कळते. कडी मात्र एकाच लोहाराची आहे.

याचे सर्वांत बोचणारे उदाहरण मिझोरामचे. २०१६-१७ च्या मोसमात आयझॉल एफसी या छोट्या क्लबने आय-लीग जिंकली. ईशान्य भारतातील क्लबने देशाचे विजेतेपद मिळवण्याची ती पहिलीच वेळ. त्यांचे बजेट कोलकात्याच्या बड्या क्लबांच्या तुलनेत अगदी तुटपुंजे. आदल्या वर्षी हा क्लब खालच्या श्रेणीत घसरला होता. गोव्याच्या साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लबने लीगच्या नव्या रचनेच्या निषेधार्थ माघार घेतली, तेव्हा रिकाम्या जागी तो परत आला आणि थेट विजेता झाला. बक्षीस काय मिळाले? देशाचा विजेता असूनही नव्या लीगचे दार बंदच. २०१९ मध्ये त्याच बंद लीगला देशाची सर्वोच्च लीग म्हणून मान्यता मिळाली आणि आयझॉलवाले काहीही न हरता दुसऱ्या पायरीवर उतरले. एखाद्याने परीक्षेत पहिला यावे आणि त्याच दिवशी परीक्षेचाच दर्जा कमी करण्यात यावा! आपल्यापैकी ज्यांनी गुणवत्तेच्या नावाने टोमणे ऐकले आहेत त्यांना हा अनुभव नवा नाही.

दार पुढे किलकिले झाले, आशियाई महासंघाच्या दट्ट्यामुळे. २०२३ मध्ये पंजाब, २०२४ मध्ये मोहम्मडन स्पोर्टिंग वर आले. २०२५ मध्ये इंटर काशीला वर येण्यासाठी लॉझानच्या क्रीडा लवादापर्यंत जावे लागले. पण २०२५ संपेपर्यंत खाली जाण्याचा नियम लागू झालेला नव्हता. आत आलेला आतच.

आणि याच दार लावलेल्या लीगमधून निवडल्या जाणाऱ्या पुरुष संघाने या वर्षी काय केले? आशियाई चषक २०२७ च्या पात्रता फेरीत २५ मार्चला शिलाँगमध्ये बांगलादेशशी ०-०. निवृत्त झालेल्या सुनील छेत्रीला परत बोलवावे लागले, कारण गोल करणारा दुसरा कोणी तयारच झाला नव्हता. अकरा हंगाम लीगमधल्या क्लबांनी गोल करायला परदेशी खेळाडू विकत आणले, मग आपला कुठून तयार होणार? १० जूनला हाँगकाँगमध्ये भरपाईच्या वेळेत पेनल्टीवर ०-१. स्पॅनिश प्रशिक्षक गेले, ऑगस्टमध्ये खालिद जमील आले. हे तेच जमील, ज्यांनी आयझॉलला विजेते केले होते. मुंबईच्या महिंद्र युनायटेड, एअर इंडिया अशा संघांतून खेळलेला हा माणूस; तेरा वर्षांनी राष्ट्रीय संघाला भारतीय प्रशिक्षक मिळाला. त्यांनी मध्य आशियातील काफा नेशन्स कपमध्ये ताजिकिस्तानला त्यांच्या घरात २-१ ने हरवले आणि ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये नमवून तिसरा क्रमांक आणला. वाटले, गाडी रुळावर आली. पण १४ ऑक्टोबरला गोव्यात फातोर्डा मैदानावर सिंगापूरने १-२ ने हरवले आणि आशियाई चषकाचे दार बंद झाले. १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशकडून ०-१. बावीस वर्षांनी त्यांच्याकडून पराभव. त्या नोव्हेंबरच्या क्रमवारीत भारत १४२ वा. जमील यांना दोष देणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की त्यांच्या हाती आलेले खेळाडू महिनोन्‌महिने लीगचा एकही सामना न खेळलेले होते.

आता दुसरीकडे वळू. मन तिकडेच रमते.

५ जुलैला थायलंडच्या चिआंग माई शहरात भारताच्या महिला संघाने थायलंडला २-१ ने हरवले आणि २०२६ च्या महिला आशियाई चषकात प्रवेश मिळवला. पात्रता फेरी खेळून, जिंकून मिळवलेला हा पहिलाच प्रवेश. थायलंड त्या वेळी जागतिक क्रमवारीत ४६ वा, भारत ७० वा. थायलंडच्या मुली दोनदा विश्वचषक खेळल्या आहेत. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. त्याआधी मंगोलियाला १३-०, तिमोर-लेस्तेला ४-०, इराकला ५-०. मंगोलियाविरुद्ध पाच गोल एकट्या प्यारी खाखाचे, ओडिशाची मुलगी. हे आडनाव वाचून आम्हाला एम.ए.चा अभ्यासक्रम आठवला. आदिवासी समाजावर प्रा. व्हर्जिनियस खाखा यांनी जे लिहिले ते आम्ही परीक्षेसाठी पाठ केले होते. त्याच आडनावाची मुलगी गोलजाळ्यात पाच वेळा चेंडू मारताना पाहिली तेव्हा पाठ केलेले जिवंत झाले. आडनावावरून जात-जमात शोधण्याची सवय आमची नाही, ती नोकरीच्या मुलाखती घेणाऱ्यांची. पण कोण खेळते आणि कोणाच्या खिशात पैसा जातो हा प्रश्न विचारायचा तर आडनावांकडे पाहावेच लागते.

महिला संघ एकटाच नाही. १० ऑगस्टला वीस वर्षांखालील मुलींनी यांगूनमध्ये म्यानमारला १-० ने हरवून वीस वर्षांनी आपल्या गटाच्या आशियाई चषकात जागा मिळवली. ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलींनी बिश्केकमध्ये उझबेकिस्तानला २-१ ने हरवले. ईस्ट बंगालच्या महिला संघाने २० डिसेंबरला काठमांडूत दक्षिण आशियाई क्लब विजेतेपद पटकावले. एकाच वर्षात मुलींचे तीन राष्ट्रीय संघ आशियाई स्पर्धेत, आणि पुरुषांचा मुख्य संघ घरी.

आणि या मुलींना मिळते काय? २०२३ मध्ये महासंघाने ठरवले की महिला लीगमधील क्लबांनी निदान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला किमान ३.२ लाख रुपयांचा करार द्यावा. महिन्याला साधारण २६ हजार सहाशे रुपये. तेही क्रांतिकारी पाऊल म्हणून सांगितले गेले. पुरुषांच्या लीगमध्ये बड्या खेळाडूंचे करार कोटींत असतात. बाजाराचा नियम आहे म्हणतात, प्रेक्षक जिकडे पैसा तिकडे. मग निविदेला एकही बोली का आली नाही हो? बाजाराचा नियम मुलींना सांगायचा आणि मालकांना सवलत मागायला मोकळे सोडायचे, हे चालणार नाही.

२०२२ मधली एक गोष्ट इथे सांगतो. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला. भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत सामने होते. भारताची कर्णधार होती झारखंडच्या गुमला जिल्ह्यातील अष्टम उरांव. ती कर्णधार झाल्यावर तिच्या घराकडे जाणारा रस्ता बांधायला प्रशासनाने घेतला आणि त्याच रस्त्याच्या कामावर तिचे आईवडील रोजंदारीने राबत होते, अशा बातम्या तेव्हा देशभर छापून आल्या. लोकांनी त्या ‘प्रेरणादायी’ म्हणून फॉरवर्ड केल्या. आम्हाला त्यात प्रेरणा दिसली नाही. देशाच्या कर्णधाराच्या दारापर्यंत रस्ता जावा यासाठी तिने आधी देशाची कर्णधार व्हावे लागते, एवढेच दिसले. मैदानावर त्या मुली अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३ आणि ब्राझीलकडून ०-५ हरल्या, आणि बातम्यांचा विषय बदलला. तीन वर्षांनी त्यांच्या पाठच्या मुली बिश्केकमध्ये जिंकल्या.

पुरुषांमध्येही मोठ्यांनी गमावले ते पोरांनी कमावले. ३० नोव्हेंबरला अहमदाबादमध्ये सतरा वर्षांखालील मुलांनी इराणला २-१ ने हरवून आशियाई चषक गाठला. इराणने आधी गोल केला होता. मध्यंतराच्या तोंडावर पेनल्टीवर बरोबरी साधली ती गांगटे आडनावाच्या मुलाने. मध्यंतरानंतर विजयी गोल केला वांगखेइराक्पम आडनावाच्या मुलाने. पहिले नाव कुकी-झो समूहातले, दुसरे मैतेई. ३ मे २०२३ नंतर ज्या मणिपुरात हे दोन समाज एकमेकांच्या भागात पाय ठेवू शकत नाहीत, तिथली ही मुले एका जर्सीत एकमेकांच्या गळ्यात पडली. फुटबॉलने मणिपूरचा प्रश्न सुटेल असे म्हणण्याइतके आम्ही भाबडे नाही. घरे जळालेली माणसे अजून छावण्यांत आहेत. पण २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेब स्वातंत्र्य आणि समतेच्या बरोबरीने बंधुतेवर का थांबले होते, हे त्या दहा सेकंदांत समजते.

बंधुतेचा हा मुद्दा आमचा एकट्याचा नाही. १९ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फुटबॉल महासंघाच्या नव्या घटनेला मान्यता देणारा निकाल दिला. न्या. नरसिंह आणि न्या. बागची यांच्या खंडपीठाचा. कार्यकर्त्यांनी तो जरूर वाचावा. त्यात न्यायालयाने खेळाचा संबंध संविधानातील बंधुतेशी जोडला आहे. खेळाच्या सोयी आणि संधी ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती आहे, ती शहरी धनिकांच्या हाती एकवटू नये आणि सामन्यांच्या, प्रक्षेपणाच्या उत्पन्नातून खेळ सर्वांच्या आवाक्यात यावा, असा त्याचा आशय आहे. ही भाषा ओळखीची वाटते ना? अनुच्छेद ३९(ख) चीच ती भाषा. मैदान, चेंडू, स्पर्धा, प्रक्षेपणाचा पैसा, हे सगळे समाजाचे. नव्या घटनेत माजी खेळाडूंना, त्यांत महिला खेळाडूंनाही, कारभारात जागा दिली आहे. चांगले आहे. पण ज्या समाजांच्या मुलींनी हे वर्ष गाजवले त्यांच्या प्रतिनिधित्वाचे काय? निर्णय घेणाऱ्या टेबलाभोवती आदिवासी, दलित किती बसणार, हा प्रश्न न्यायालयासमोर कोणी नेला नाही. आपणही नेला नाही.

इथे कोणीतरी म्हणणारच, खेळात जात कशाला आणता? ज्या देशात पळवणकर बाळूसारख्या गोलंदाजाला पुण्यात संघसहकाऱ्यांपासून वेगळा बसवून वेगळ्या भांड्यात चहा दिला गेला, तिथे खेळात जात आम्ही आणलेली नाही.

आम्ही उत्तर नागपुरातील वस्त्यांत काम करतो. विहाराला लागून अभ्यासिका आहे, अभ्यासिकेमागे मैदान. मैदान म्हणजे मोकळी जागा. पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात लग्नाचे मांडव. फुटबॉल नागपूर-कामठीच्या मातीत जुना आहे. कामठीचा रब्बानी क्लब, मोमिनपुऱ्याचा यंग मुस्लिम क्लब ही नावे इथली पोरे आदराने घेतात. ‘झुंड’ आल्यापासून बाहेरच्या लोकांनाही कळले की विजय बारसे सरांनी इथल्या झोपडपट्टीतल्या मुलांच्या पायात चेंडू दिला होता. आमच्या मैदानावर आता संध्याकाळी तीसेक मुलेमुली असतात आणि चेंडू दोन. त्यातली एक मुलगी जिल्ह्याच्या संघात निवडली गेली. तिची आई कंत्राटावर सफाईचे काम करते. तिने आम्हाला सरळ विचारले, “दादा, बॉल खेळून पोरीले नोकरी लागन का? लागत असन तं खेळू द्या. नाही तं आत्ताच पॉलिटेक्निकचा फार्म भरून टाकतो.”

या प्रश्नाला ‘खेळ हे जीवन आहे’ असले उत्तर देता येत नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी देता येण्यासारखे खरे उत्तर होते. तेव्हा फुटबॉल म्हणजे रेल्वे, पोलीस, बँका, एअर इंडिया, सार्वजनिक कारखाने. खेळाडू कर्मचारी असायचा. गुडघा मोडला तरी नोकरी राहायची, क्वार्टर राहायचे, पेन्शन राहायची. कोणी त्याला ‘ग्लॅमर’ म्हणत नव्हते. खाजगी कंपन्यांचेही संघ होते. महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला, त्याच वर्षी तो पंधरा वर्षांचा करार झाला हा योगायोग असेल. विभागीय संघ मागे पडले, फ्रँचायझी आल्या. सरकारी नोकरीत खेळाडूचा कोटा असतो आणि त्याच्या शेजारी सामाजिक आरक्षणही असते. फ्रँचायझीत दोन्ही नाही. खाजगीकरणाने आपल्या नोकऱ्या कशा गेल्या यावर आपण मोर्चे काढले, पण मैदानावरच्या नोकऱ्या गेल्या तेव्हा आपले लक्ष नव्हते. पश्चिम बंगालच्या संतोष ट्रॉफी विजेत्या संघाचे बघा. ३१ डिसेंबर २०२४ च्या अंतिम सामन्यात केरळविरुद्ध एकमेव गोल करणारा आणि स्पर्धेत बारा गोल करणारा रबी हांसदा, मजुरी करणाऱ्या आईचा मुलगा. त्या संघातील खेळाडूंना राज्य सरकारने पोलीस दलात नोकऱ्या दिल्या. ही स्पर्धा टीव्हीवाल्यांच्या खिजगणतीत नाही. पण त्या आईच्या प्रश्नाला उत्तर आहे ते इथे, लीगमध्ये नाही.

पैसा नाही म्हणून हे होत नाही, असे कोणी सांगू नये. डिसेंबरच्या मध्यात मेस्सी तीन दिवस भारतात आला. कोलकात्यात लोकांनी हजारो रुपयांची तिकिटे काढली आणि पुढाऱ्यांच्या, बड्यांच्या गराड्यात तो दिसलाच नाही म्हणून खुर्च्या फेकल्या. मुंबईत वानखेडेवर सोहळा झाला. मेस्सीवर आमचा राग नाही, आमची पोरे त्याच्याच नावाच्या जर्स्या घालतात. पण ज्या आठवड्यात देशातील व्यावसायिक खेळाडू पुढचा पगार कधी या चिंतेत होते, त्याच आठवड्यात फुटबॉलच्या नावाने कोट्यवधी उधळले गेले आणि त्यात स्पर्धात्मक फुटबॉल खेळला गेला नाही. देवदर्शनाच्या रांगेला ज्या समाजाने नकार दिला त्याच्या तरुणांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

गोव्याच्या संघाने ७ डिसेंबरला, म्हणजे आपण चैत्यभूमीवरून परतत होतो त्या दिवशी, सुपर कप जिंकला. ईस्ट बंगालविरुद्ध ०-० आणि मग शूटआउटमध्ये ६-५. दुसऱ्या दिवशी तो करार संपला. विजेत्यांना पुढचा सामना कधी हे माहीत नव्हते. मुलींना मात्र माहीत आहे. मार्च २०२६ मध्ये ऑस्ट्रेलियात, गटात जपान, व्हिएतनाम आणि चायनीज तैपेई. जपानने विश्वचषक जिंकलेला आहे. हरतील कदाचित, मोठ्या फरकाने हरतील. तेव्हा ट्रोल करणाऱ्यांत आपला कोणी नसावा.

महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. त्या आईला उत्तर देण्याआधी आम्ही माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला आहे. आमच्या जिल्ह्यात गेल्या दहा वर्षांत या पाच टक्क्यांतून किती पदे भरली, किती रिक्त ठेवली, त्यात फुटबॉलच्या खेळाडू किती, मुली किती, अनुसूचित जाती-जमातीच्या किती, आणि किती जणांची प्रमाणपत्रे पडताळणीत अडकून आहेत. मजकूर अर्ध्या पानाचा आहे, शुल्क दहा रुपये. प्रत्येक जिल्ह्यातील साथींनी हाच अर्ज आपापल्याकडे टाकावा. आमच्या अर्जाचे तीस दिवस जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात भरतात. आलेली आकडेवारी इथेच मांडू, आणि उत्तर आले नाही तर अपिलाचा मसुदाही इथेच टाकू.